दोन दिवसांचे महाबळेश्वर: काय पाहावे आणि काय सोडून द्यावे

राजारामपुरीतील एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. घरात त्या, त्यांचे यजमान, सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि आठ वर्षांची मुलगी अशी पाच माणसे आहेत. यजमानांना शनिवार-रविवार एवढेच दोन दिवस दुकान बंद ठेवता येते, आणि जानेवारीत या दोन दिवसांत थंड हवेच्या ठिकाणी जाऊन यायचे घरात ठरले आहे. यजमानांच्या मित्रांचा आग्रह उटीचा आहे, तर घरच्यांचा कल महाबळेश्वरकडे आहे. व्हॉट्सॲपवर आलेली अठरा पॉइंटांची यादी यजमानांना पूर्ण करायची आहे. सासूबाई दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातात आणि त्यांना कृष्णेचे उगमस्थान एकदा डोळ्यांनी पाहायचे आहे, पण त्यांचे गुडघे दुखतात. निवृत्त शिक्षक असलेल्या सासऱ्यांना प्रतापगड पाहायचा आहे. मुलीला घाटात गाडी लागते. पत्राच्या शेवटी त्या लिहितात की, मागील सहलीत डबे, औषधे, कपडे, खोल्या आणि प्रत्येकाची मर्जी हे सगळे त्यांनाच सांभाळावे लागले, परतल्यावर त्या आजारी पडल्या, आणि या वेळी जाऊच नये असे त्यांना वाटते. मात्र घरात तसे बोलता येत नाही.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही जे शेवटी लिहिले आहे तोच तुमचा पहिला प्रश्न आहे असे मी मानते. सहल आखताना आपण रस्ता, खोली, जेवण आणि पाहण्याची ठिकाणे यांचा हिशेब मांडतो. परंतु ही सगळी आखणी जिच्या श्रमांवर उभी राहते तिची विश्रांती त्या हिशेबात कोठेच धरलेली नसते. तुम्ही न जाण्याचा विचार करत आहात याचे कारण डोंगर किंवा प्रवास हे नाही, तर दोन दिवसांत चार दिवसांची धावपळ तुमच्या माथी येते हे आहे. तेव्हा सहल रद्द करण्याऐवजी ती लहान करावी, म्हणजे दिवस तेवढेच ठेवून त्यांतली ठिकाणे निम्म्याहूनही कमी करावीत, असा माझा सल्ला आहे. पुढे सुचवलेल्या वेळापत्रकात शनिवारची दुपार मी तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. ती कोणत्याही कारणाने कमी करू नये, ही आग्रहाची विनंती.

उटीचा विचार या खेपेपुरता बाजूला ठेवावा. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरचे ते शहर पाहण्यासारखे आहे यात शंका नाही, आणि मेट्टुपाळयमहून कुन्नूरमार्गे वर चढणारी, २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेली डोंगरी रेल्वे तुमच्या मुलीने कधीतरी जरूर अनुभवावी. पण कोल्हापूरपासून उटी सातशे किलोमीटरांहून दूर आहे, बंडीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत खासगी वाहनांना बंद असतो, आणि २०२४ पासून तेथे स्वतःची गाडी नेण्यासाठी ई-पास काढावा लागतो. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परतायचे म्हटले, तर वयस्कर माणसांच्या वाट्याला उटीपेक्षा गाडीतली बैठकच अधिक येईल. त्या प्रवासाला किमान पाच दिवस हाताशी हवेत. मुलीच्या शाळेला मोठी सुट्टी असेल तेव्हा तो अवश्य करावा.

महाबळेश्वर मात्र दोन दिवसांत नीट होते, कारण ते आपल्यापासून सुमारे पावणेदोनशे ते एकशे ऐंशी किलोमीटर अंतरावर आहे आणि वाटेत थांबूनही पाच तासांत तेथे पोहोचता येते. महामार्गावर साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळणरस्ते लागतात, म्हणून अर्धा-पाऊण तास जास्तीचा धरून चालावे. शनिवारी पहाटे पाच वाजता निघावे. शुक्रवारी रात्री दुकान बंद करून लगेच निघण्याची कल्पना अनेकांना सोयीची वाटते, पण ती मी निक्षून नको म्हणेन. दिवसभर काम केलेल्या माणसाने मध्यरात्री घाट चढणे धोक्याचे आहे, हिवाळ्यात पहाटेपूर्वी धुके दाटते, आणि या भागातल्या रस्त्यांवर रात्री गवे येतात. काळोखात गव्याचा काळा देह दिव्यांच्या झोतात येईपर्यंत दिसत नाही.

जाताना साताऱ्याहून मेढामार्गे केळघर घाटाने वर जावे आणि येताना पाचगणी, पसरणी घाट आणि वाई या मार्गाने खाली उतरावे, असे मी सुचवते. मेढ्याच्या रस्त्यावर वाहनांची गर्दी तुलनेने कमी असते. पाचगणीच्या बाजूने शनिवारी सकाळी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग वर चढत असते, तिच्यात तुम्ही अडकणार नाही. याशिवाय या दोन रस्त्यांनी एक मोठी गोष्ट आपोआप पाहून होते. जाताना कण्हेर धरणाजवळून वेण्णा नदीच्या खोऱ्यातून तुम्ही चढता आणि परतताना धोम धरणाच्या वरून कृष्णेच्या खोऱ्यात उतरता. डोंगरमाथ्यावर एकमेकींच्या शेजारी उगम पावणाऱ्या या दोन नद्या साताऱ्याजवळ संगम माहुलीला पुन्हा एकत्र येतात. आठ वर्षांच्या मुलीला नकाशा समोर धरून हे सांगितले, तर भूगोलाचा एक धडा तिला कायमचा कळून जाईल, आणि हे काम तिच्या आजोबांइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. हा नकाशा मात्र घरी किंवा मुक्कामी उघडावा, घाटात नव्हे.

कारण मुलीला गाडी लागते ती नेमकी अशा वेळी. गाडी वळते आहे हे कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला कळत असते, परंतु डोळे मोबाइलवर किंवा पुस्तकावर खिळलेले असतील तर त्यांना सर्व स्थिर दिसते. या विसंगतीमुळे मळमळ सुरू होते. म्हणून तिला समोर दूरवर दिसणाऱ्या रस्त्याकडे पाहता येईल अशा जागी, म्हणजे मागच्या आसनावर मध्यभागी, पट्टा लावून बसवावे, काच थोडी उघडी ठेवावी आणि घाट सुरू झाल्यावर मोबाइल कोणाच्याच हातून तिच्या हाती जाऊ देऊ नये. पोट रिकामे ठेवणे चुकीचे आहे. कराडच्या आसपास इडली किंवा दूध-पोळी असा हलका नाश्ता द्यावा आणि तळलेले पदार्थ टाळावेत. आलेपाकाची वडी पुष्कळ मुलांना उपयोगी पडते. तेवढ्याने भागत नसेल तर तिच्या डॉक्टरांना विचारून वयाप्रमाणे गोळी आणावी आणि ती घाटाच्या पायथ्याशी नव्हे, तर सांगितलेल्या वेळेइतकी आधी द्यावी. बहुतेक घरांत गोळी दिली जाते तीच उशिरा.

आता यादीचा प्रश्न. यजमानांची इच्छा मोडून काढण्यापेक्षा ती यादी त्यांच्यासमोर नकाशावर मांडावी, म्हणजे त्यांचेच मत बदलेल. आर्थर सीट, सावित्री पॉइंट, कॅसल रॉक, मार्जोरी आणि एल्फिन्स्टन ही पाच नावे क्षेत्र महाबळेश्वरच्या पुढे जाणाऱ्या एकाच रस्त्यावरची आहेत. लॉडविक आणि एलिफंट हेड ही एकाच पायवाटेवरची, एकाच सोंडेची टोके आहेत. केट्स पॉइंट, लिंगमळा धबधबा आणि वेण्णा तलाव पाचगणीच्या दिशेला आहेत. अठरा नावांमागे प्रत्यक्षात डोंगराच्या चारच बाजू आहेत, आणि एका बाजूला एका ठिकाणी शांतपणे तासभर उभे राहिलेल्या माणसाने त्या बाजूची पाच ठिकाणे पाच-पाच मिनिटे पाहणाऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक पाहिलेले असते. प्रत्येक ठिकाणी गाडी लावायला जागा शोधणे, सासूबाईंना उतरवणे, पुन्हा चढवणे आणि पुढच्या ठिकाणी तेच करणे यातच दिवस संपतो, आणि संध्याकाळी कोणते दृश्य कोठले होते हेही आठवत नाही. वेण्णा तलावातील नौकाविहार तर मी सरळ गाळायला सांगेन. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधवलेला तो तलाव रस्त्यावरून जाताना छान दिसतो, पण शनिवार-रविवारच्या रांगेत तेथे घालवलेला वेळ तुमच्या दोन दिवसांना परवडणारा नाही.

शनिवारी साडेदहाच्या सुमारास तुम्ही वर पोहोचाल. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी बारानंतरच ताब्यात मिळते, म्हणून आरक्षण करतानाच लवकर खोली मिळेल का हे विचारून घ्यावे. न मिळाल्यास सामान तेथे ठेवून बाजारपेठेत सावकाश फिरावे. लवकर जेवण करून साडेबारा वाजता यजमान आणि सासरे या दोघांनीच प्रतापगडाला जावे. मुलीला पुन्हा घाटात नेऊ नये. तुम्ही, सासूबाई आणि मुलगी मुक्कामीच राहावे. ही चार-साडेचार तासांची दुपार तुमची आहे. झोपावेसे वाटले तर झोपावे, व्हरांड्यात बसून राहावेसे वाटले तर बसावे. त्या वेळात कपडे आवरणे किंवा दुसऱ्या दिवसाची तयारी करणे यांतले काहीही हाती घेऊ नये. एकत्र सहलीला गेलेल्या कुटुंबाने प्रत्येक क्षण एकत्रच घालवला पाहिजे असा आपल्याकडे एक समज आहे, आणि त्यामुळे प्रत्येक ठिकाणी सर्वांत थकलेल्या माणसालाही सर्वांत उत्साही माणसाच्या वेगाने चालावे लागते. दुपारपुरते वेगळे झाल्याने प्रेम कमी होत नाही.

सासऱ्यांसाठी प्रतापगड हा केवळ एक पॉइंट नाही, म्हणून त्यांना तेथे घाई होऊ नये. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने सुमारे चोवीस किलोमीटर खाली जावे लागते. मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली १६५६ मध्ये गड उभा राहिला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफझलखानाचा प्रसंग घडला, हे त्यांना पाठच असेल. कोल्हापूरच्या माणसासाठी यातला पुढचा भाग अधिक जवळचा आहे: त्यानंतर अठराच दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, महाराजांनी आपला पन्हाळा घेतला. जावळीच्या दाट खोऱ्यातून निघालेली ती मोहीम किती झपाट्याने आपल्या प्रदेशात उतरली असेल, याची कल्पना गडाच्या बुरुजावर उभे राहिल्यावर येते. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत प्रतापगड आणि पन्हाळा हे दोन्ही आहेत. गाडी पायथ्याच्या बरीच वर जाते, परंतु त्यानंतर पायऱ्या आहेत; सासऱ्यांनी भवानीमातेच्या मंदिरापर्यंत जाऊन दम खावा, आणि झेपेल असे वाटले तरच बालेकिल्ल्याकडे आणि १९५७ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेल्या अश्वारूढ पुतळ्यापर्यंत जावे. चार वाजता तेथून निघाले म्हणजे पाचपर्यंत ते परत येतील. यजमानांना दिवसभर गाडी चालवून थकवा येत असेल तर या फेरीसाठी स्थानिक टॅक्सी घ्यावी. तो खर्च अनाठायी नाही. घाटरस्ता रोज चालवणारा चालक असेल तर बापलेकांना निवांत बोलता येईल.

संध्याकाळी सर्वांनी मिळून बॉम्बे पॉइंटवर सूर्यास्त पाहावा, कारण तेथे गाडी बऱ्यापैकी जवळ जाते आणि सासूबाईंना फार चालावे लागत नाही. जानेवारीत सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो. त्याआधी पाऊण तास पोहोचले तर बसायला जागा मिळते.

रविवारची सकाळ सासूबाईंची. साडेसहाला निघून क्षेत्र महाबळेश्वरला जावे; बाजारपेठेपासून ते सहा-सात किलोमीटरांवर आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम पंचगंगा मंदिरात मानले जातात, आणि त्यांचे एकत्र झालेले पाणी दगडी गोमुखातून कुंडात पडते. शेजारी महाबळेश्वराचे मंदिर आहे. १६६५ मध्ये सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी शिवाजी महाराजांनी जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री. तुमच्या सासूबाईंच्या इच्छेचे मोल मला फार वाटते. ज्या कृष्णेच्या काठी त्या वाडीच्या घाटावर वर्षानुवर्षे बसत आल्या, ती वाई, कराड, सांगली अशी वाट चालून नरसोबाच्या वाडीला येते आणि तेथे कोल्हापूरची पंचगंगा तिला मिळते. आपली पंचगंगा वेगळी आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती या तिच्या नद्या आपल्याच जिल्ह्यातल्या. पण वरच्या पंचगंगा मंदिरात ओंजळीत घेतलेले पाणी आणि वाडीच्या संगमावरचे पाणी एकाच प्रवाहाचे आहे, हे आजीने नातीला तेथेच, कुंडाशेजारी उभे राहून सांगावे. या ठिकाणी घाई करू नये. सकाळी लवकर गेल्याने गर्दीही कमी असते. मंदिराची फरशी जानेवारीत बर्फासारखी गार असते आणि कुंडाजवळ ओलसर व निसरडीही असते, तेव्हा सासूबाईंचा हात कोणीतरी धरलेला असावा, आणि बाहेर आल्यावर पाय पुसून त्यांना लगेच कोरडे मोजे घालावेत. गुडघेदुखी असलेल्या माणसाला थंडीचा त्रास चढण्या-उतरण्याइतकाच होतो.

तेथूनच पुढे आर्थर सीटला जावे आणि यादीतल्या त्या बाजूच्या बाकीच्या नावांना तेथेच निरोप द्यावा. सुमारे १,४७० मीटर उंचीवरच्या या कड्यावरून सह्याद्रीची पश्चिमेकडची बाजू सरळ कोकणात तुटलेली दिसते आणि खाली सावित्रीचे खोरे पसरलेले असते. मंदिरात पाहिलेली कृष्णा पूर्वेकडे सुमारे चौदाशे किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, तर सावित्री याच माथ्यावरून पश्चिमेकडे उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्रात जाते; एका डोंगरावर पडलेले पाणी दोन समुद्रांत कसे वाटले जाते हे येथे एका नजरेत कळते. कोकणातून येणारा वारा उभ्या कड्यावर आदळून वर उसळतो, त्यामुळे येथून खाली सोडलेली हलकी वस्तू पुन्हा वर येते. पर्यटक या खेळासाठी बाटल्यांची झाकणे आणि प्लास्टिकचे तुकडे टाकतात, आणि त्यांतले पुष्कळसे दरीतच राहतात. महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे. तेथे आपण काय टाकतो याची जबाबदारी आपली आहे. मुलीला हा चमत्कार दाखवायचा असेल तर वाळलेले पान पुरेसे आहे. कठड्याच्या बाहेर छायाचित्रासाठी कोणीही जाऊ नये आणि माकडे असल्याने हातात खाऊ धरू नये. वाहनतळापासून पुढे पायऱ्या आणि चढउतार असल्याने सासूबाईंनी खालीच बसावे आणि त्यांच्यासोबत सासऱ्यांनी थांबावे. आदल्या दिवशी गड चढलेल्या त्यांच्या पायांनाही ती विश्रांती हवीच असेल.

साडेनऊपर्यंत मुक्कामी परतून नाश्ता करावा, अकराच्या आत खोली सोडावी आणि पाचगणीच्या रस्त्याला लागावे. या वाटेवर एकच मोठा थांबा घ्यावा, आणि तो भिलारला. पाचगणीचे टेबललँड पाहण्यासारखे पठार आहे, परंतु दुपारच्या उन्हात वृद्धांना घेऊन ते फिरण्यात फारसा आनंद नाही. भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. गावातल्या घरांत आणि मंदिरांत विषयवार मराठी पुस्तके मांडून ठेवली आहेत आणि कोणीही आत जाऊन, बसून वाचू शकतो. निवृत्त शिक्षकाला यापेक्षा चांगली दुपार कोठे मिळणार? मुलीसाठी तेथे बालसाहित्य आहे, आणि गावाभोवती स्ट्रॉबेरीची शेते आहेत. मोठ्या दुकानांसमोर वाहने उभी करून आइस्क्रीम खाण्यापेक्षा, एखाद्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन वाफ्यांवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या आच्छादनावर टेकलेली लाल फळे तिला पाहू द्यावीत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि जानेवारी हा तिचा ऐन हंगाम असतो. विकत घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर आंब्याप्रमाणे पिकत नाही, म्हणून टोकापर्यंत लाल झालेली आणि हिरवे देठ ताजे असलेलीच घ्यावी. ती अगदी शेवटी, परतीच्या वाटेवर घ्यावी, गाडीत उन्हापासून दूर आणि वर काही न ठेवता ठेवावी, आणि खाण्याच्या वेळीच धुवावी. शेजाऱ्यांना आणि नातेवाइकांना वाटण्यासाठी भाजलेले चणे आणि मध अधिक सोयीचे. महाबळेश्वरजवळचे मांघर तर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले आहे.

तीन-साडेतीनच्या सुमारास पसरणी घाट उतरून वाईला पोहोचाल. तेथे सरदार रास्त्यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीचे दर्शन अर्ध्या तासात होते आणि सकाळी कुंडात पाहिलेली कृष्णा घाटावर नदी होऊन वाहताना दिसते. मुलगी झोपली असेल किंवा कोणी थकले असेल तर हाही थांबा सोडून द्यावा आणि सरळ महामार्ग गाठावा. आठपर्यंत घरी याल.

मुक्कामाची जागा निवडताना मोठ्या जाहिरातीपेक्षा काही साधे प्रश्न उपयोगी पडतात. तळमजल्यावरची खोली मिळेल का, उंच कमोड आहे का, गरम पाणी दिवसभर असते की ठरावीक वेळी, गाडी आवारात लावता येते का, जादा पांघरुणे मिळतात का, आणि आरक्षण रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात, हे फोनवर विचारावे. तुमच्या कुटुंबासाठी दरीकाठच्या दूरच्या बंगल्यापेक्षा बाजारपेठेच्या जवळची, पण मुख्य रस्त्यापासून थोडी आत असलेली जागा मला योग्य वाटते. औषधाचे दुकान आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर असणे या वयात मोलाचे आहे. हॉटेलांच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार घडतात, तेव्हा अनोळखी व्यक्तीच्या खात्यावर पैसे पाठवण्यापूर्वी हॉटेलशी प्रत्यक्ष बोलून खात्री करावी. हे काम तुम्ही करू नये.

ते यजमानांनी करावे. कामांची वाटणी हाच या पत्राचा सर्वांत अवघड भाग आहे हे मला समजते, कारण तुमच्या घरात कोणी वाईट नाही. फक्त तुम्ही करता म्हणून बाकीच्यांना करावे लागत नाही. शनिवारच्या आधीच्या रविवारी, जेवण झाल्यावर सगळे एकत्र असताना, तक्रारीच्या सुरात न बोलता असे सांगावे: "मागच्या वेळी परतल्यावर मी आजारी पडले. या वेळी मलाही ही सहल अनुभवायची आहे. म्हणून मी फक्त कोरड्या खाऊची पिशवी भरणार आहे. बाकीची कामे आपण आजच वाटून घेऊ." मग गप्प बसावे आणि इतरांना बोलू द्यावे. खोली, गाडी आणि पैशांचे व्यवहार यजमानांकडे, रस्ता आणि वेळ सासऱ्यांकडे, आणि स्वतःची पिशवी भरण्याचे काम मुलीकडे द्यावे. दोघांच्याही औषधांची डबी सासूबाईंनी सांभाळावी. त्या हे आनंदाने करतील, कारण सुनेवर भार टाकल्याची बोच पुष्कळ सासवांच्या मनात असते आणि ती व्यक्त करायला त्यांना वाट सापडत नाही. तुमच्या पिशवीत भडंग, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी एवढेच असावे. दोन दिवसांची जेवणे घरून नेण्याचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे पण ठाम नकार द्यावा. एखादे काम कोणाकडून विसरले गेले, तर ते धावत जाऊन भरून काढण्याचा मोह आवरावा. एक टॉवेल घरी राहिला तर तो वर बाजारात मिळतो.

सहलीच्या आदल्या दिवशी मुलीला ताप आला किंवा सासूबाईंचे गुडघे सुजले, तर सगळे रद्द करण्याची गरज नाही. पन्हाळा वीस किलोमीटरांवर आहे. तेथे एक रात्र राहिले तरी थंड हवा, तबक बागेतली संध्याकाळ आणि सज्जाकोठीवरून दिसणारा प्रदेश मिळतो, आणि काही बिघडले तर तासाभरात घरी येता येते.

तारीख निवडताना वर्षाचा पहिला आठवडा आणि २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी टाळावी, कारण त्या दिवसांत वर पोहोचलेली वाहने बाजारपेठेच्या अलीकडेच तासन्‌तास अडकून पडतात. संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार, तो या सुट्टीला जोडून येत नसेल तर, तुमच्यासाठी उत्तम राहील. थंडी कडक असते. वेण्णा तलावाच्या परिसरात काही पहाटे दवबिंदूही गोठतात, म्हणून सासू-सासऱ्यांसाठी कानटोपी, मोजे आणि अंगातला गरम सदरा वेगळ्या पिशवीत हाताशी ठेवायला सांगावे. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी कोणता पट्टा आणि कोणती गोळी सोबत न्यावी, हे त्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारून घ्यावे, आणि खोलीचे आरक्षण यजमानांनी त्याच दिवशी करून टाकावे.